उपनगरी कुटुंबाचा निर्णय : लाइटबिल, गच्ची आणि सौर पॅनेल

मुंबईतील छपरांवर किती वीज निर्माण होऊ शकेल, याचा एक अंदाज पवईच्या आय. आय. टी.तील रिदम सिंग आणि रंगन बॅनर्जी यांनी 2015 साली प्रसिद्ध केला. त्यांच्या गणिताप्रमाणे ही क्षमता सुमारे 2190 मेगावॅट भरते, आणि शहराच्या सरासरी दैनिक मागणीपैकी 12.8 ते 20 टक्के भाग तीतून भागू शकतो. त्याच वर्षी केंद्र सरकारने 2022 पर्यंत देशातील छपरांवर 40,000 मेगावॅट क्षमता उभारण्याचे लक्ष्य ठरवले. ते त्या मुदतीत गाठले गेले नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड येथील एखाद्या उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावरून खाली पाहिले तर बहुसंख्य गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, दूरचित्रवाणीच्या तबकड्या आणि वाळत घातलेले कपडे दिसतात. पॅनेल अपवादानेच दिसतात.

असे का, या प्रश्नाला एक तयार उत्तर मिळते : ‘लोकांची मानसिकता’. हा शब्द गेल्या काही दशकांत आपल्या भाषेत इतका सैल झाला आहे की, जे स्पष्ट करता येत नाही ते त्याच्या पोटात घालून मोकळे होता येते. प्रस्तुत निबंधात या उत्तराची थोडी तपासणी करावयाची आहे. लेखकाचे शिक्षण भाषाशास्त्राचे. अर्थशास्त्र आणि वीजविषयक कायदा ही त्याची क्षेत्रे नव्हेत. तथापि कुटुंबाचा खर्चविषयक निर्णय हा प्रथम बोलण्यात घडतो, आणि ज्या शब्दांत तो घडतो त्या शब्दांना इतिहास असतो. तेवढ्या अधिकारावर हे लिखाण केले आहे.

मानसशास्त्राने या बाबतीत काय दाखवून दिले आहे ते आधी थोडक्यात नोंदवू. डॅनिएल कानेमान आणि एमोस ट्वेर्स्की यांनी 1979 साली मांडलेल्या सिद्धांताचा गाभा असा की, शंभर रुपये हातचे गेल्याचे दुःख शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदाहून बरेच मोठे असते. जेरी हाउसमन यांनी त्याच वर्षी अमेरिकेतील कुटुंबांच्या वातानुकूलन यंत्रांच्या खरेदीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे विजेत होणारी बचत ही कुटुंबे जणू दरसाल सुमारे 20 टक्के दराने वटवून पाहतात, म्हणजे आज चार पैसे अधिक मोजून उद्याचे आठ वाचवण्यास ती सहसा तयार होत नाहीत, असे त्यांना आढळले. विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी 1988 साली ज्याला नाव दिले तो ‘यथास्थितीचा ओढा’ तर सर्वांच्या परिचयाचा आहे. आणि रिचर्ड थेलर यांनी मनुष्य पैशाची मनातल्या मनात निरनिराळी खाती ठेवतो असे प्रतिपादन केले, तेव्हा दुधाचे पैसे एका डब्यात आणि फीचे दुसऱ्या डब्यात ठेवणाऱ्या आपल्याकडील गृहिणीला त्यात नवे काही वाटले नसते.

या सर्वांत प्रस्तुत विषयाला सर्वांत जवळचा अभ्यास हार्टमन, डोन आणि वू यांचा आहे (1991). कॅलिफोर्नियातील वीजग्राहकांपैकी काहींचा पुरवठा क्वचितच खंडित होई, काहींचा वारंवार. दोन्ही गटांपुढे कमी-अधिक दरांचे आणि कमी-अधिक खात्रीचे पर्याय ठेवले असता दोन्ही गटांतील बहुसंख्यांनी आपापल्या चालू स्थितीलाच पसंती दिली. म्हणजे ज्यांची वीज वारंवार जात होती त्यांनाही तीच स्थिती बरी वाटली. यथास्थितीचा ओढा हा सुखवस्तूंचाच गुण आहे असे समजणाऱ्यांनी हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा.

आता आपल्या उपनगरांकडे वळू. येथील ‘यथास्थिती’ कशी बनली हे पाहिल्यावाचून तिच्या ओढ्याविषयी बोलणे व्यर्थ आहे.

1929 साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली आणि साष्टीतील वस्त्यांना वीज मिळू लागली. अंधेरी, घाटकोपर ही त्या वेळी मुंबई शहराच्या हद्दीबाहेरची गावे होती. महापालिकेची हद्द 1950 साली पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेस भांडुपपर्यंत गेली. 1957 साली ती दहिसर आणि मुलुंडला पोचली. महापालिका एक झाली तरी वीज मात्र एक झाली नाही. भांडुप-मुलुंडचा पुरवठा 1960 साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाकडे आणि 2005 नंतर महावितरणाकडे राहिला. उर्वरित उपनगरांत त्या जुन्या कंपनीचे नाव बदलत गेले : बी. एस. ई. एस., मग रिलायन्स, आणि 2018 पासून अदानी. अंधेरीतील एखाद्या कुटुंबाने एकही निर्णय न घेता, घरातील एकही तार न हलवता, आपल्या लाइटबिलाच्या माथ्यावर तीन नावे पाहिली. यथास्थिती बदलली, पण ती कोणीतरी दुसऱ्याने बदलली. हा तपशील महत्त्वाचा वाटतो. ज्या गोष्टीत आपले मत कधी विचारले गेले नाही, तीत आपले मत असते ही सवयच जडत नाही.

मत विचारले गेले ते एकदा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2008 मध्ये टाटा पॉवर कंपनीला मुंबईत किरकोळ ग्राहकांनाही वीज विकण्याचा अधिकार आहे असा निर्णय दिला. पुढच्या वर्षी राज्य वीज नियामक आयोगाने अशी पद्धत घालून दिली की, तारा जुन्या कंपनीच्याच राहाव्यात आणि पुरवठादार मात्र ग्राहकाने निवडावा. सौर पॅनेलच्या प्रश्नाआधी उपनगरी कुटुंबाला विजेविषयी एवढा मोठा निर्णय घरात बसून घ्यावा लागल्याचे दुसरे उदाहरण या लेखकास ठाऊक नाही. येथे भांडवल गुंतवावयाचे नव्हते, गच्चीस हात लावावयाचा नव्हता. एक अर्ज भरावयाचा होता. दर त्या काळी नव्या पुरवठादाराचे कमी होते. तरीही अनेक घरे जागची हलली नाहीत. लेखक मुलुंडचा रहिवासी असल्याने ही निवड त्याच्या वाट्याला आली नाही, परंतु घाटकोपर आणि अंधेरी येथील आप्तेष्टांकडे तेव्हा ऐकलेल्या शंका आठवतात : रात्री लाइट गेली तर तक्रार कोणाकडे करायची? जुनी कंपनी मुद्दाम उशीर करणार नाही कशावरून? शेजारच्यांनी बदलले आहे का?

या शंकांना भ्रम म्हणून सोडून देता येत नाही. पुढे आयोगाने पुरवठादार बदललेल्या ग्राहकांवर अधिभार बसवला आणि ज्यांनी केवळ दरातील फरक पाहून अर्ज केला होता त्यांचा हिशेब मध्येच बदलला. ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी’ न लागलेले शेजारी तेव्हा शहाणे ठरले. सौर विजेच्या बाबतीत 2015 साली आयोगाने नेट मीटरिंगचे विनियम केले, म्हणजे घरच्या पॅनेलची जादा वीज जाळ्यात सोडून ती बिलातून वळती करून घेण्याची सोय झाली. 2019 च्या मसुद्यात या सोयीवर मर्यादा घालण्याचा विचार मांडला गेला, आक्षेप आले, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरातील अंतिम विनियमांत ती कायम राहिली. शेवट गोड झाला हे खरे. पण पंचवीस वर्षे टिकणारी वस्तू घेऊ पाहणाऱ्याला चार वर्षांत नियम डळमळलेला दिसला, हेही तितकेच खरे. अशा अनुभवानंतरच्या सावधपणास पूर्वग्रह म्हणावयाचे की स्मृती?

मनाचा खरा कल मला दिसतो तो अन्यत्र, आणि तो भाषेत नोंदला गेला आहे. मराठी घरात विजेला ‘वीज’ क्वचित म्हणतात. लाइट येते, लाइट जाते, आणि महिन्याला येते ते लाइटबिल. उपनगरांत वीज प्रथम दिव्यासाठी आली त्याची ही खूण. पंखा, फ्रिज, पंप, लिफ्ट हे सारे नंतर त्या एका शब्दाच्या छायेत येऊन बसले. याहून बोलके आहे ते क्रियापद. बिल आपण ‘भरतो’. किराणा भरतो, पाणी भरतो, तेव्हा भरण्याची वस्तू घरात येते. परंतु बिल, फी, कर, दंड, हप्ता यांच्याबरोबर हेच क्रियापद आले की काहीतरी घराबाहेर जाते, आणि तेही कोणा अधिकाऱ्याच्या मागणीवरून. ‘भरणा’ हा शब्द सरकारी खजिन्याच्या व्यवहारातला आहे. भाजी आपण घेतो, कापड घेतो, सोने घेतो. वीज कोणी ‘घेत’ नाही. मी गेली दोन वर्षे या दृष्टीने कान उघडे ठेवून हिंडलो, आणि ‘या महिन्यात आम्ही तीनशे युनिट वीज घेतली’ असे वाक्य एकाही घरात ऐकले नाही.

याचा परिणाम असा होतो की, पॅनेलचा विक्रेता ‘पंचवीस वर्षांची वीज आज स्वस्तात घ्या’ असे सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात त्या वाक्याला बसायला जागाच नसते. मुळात तो वीज विकत घेत नव्हता. तो एक देणे चुकते करत होता. देणे आगाऊ चुकते करण्याची हौस कोणाला असते? पॅनेल ही ‘गुंतवणूक’ म्हणून मांडावी, तर ती मुदतठेव, सोने आणि जागा यांच्या पंक्तीत जाऊन बसते, आणि तेथे तिच्याकडून व्याजाची पावती अपेक्षिली जाते. न आलेले बिल ही पावती नव्हे. खर्च एका खात्यात आणि लाभ दुसऱ्या खात्यात पडला की उत्तम सौदाही तोट्याचा भासतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेच्या नावातच ‘मुफ्त बिजली’ हे शब्द आहेत. 75,021 कोटी रुपयांची आणि एक कोटी घरांचे लक्ष्य असलेली ही योजना मोठी आहे, यात वाद नाही. परंतु मराठीत ‘मोफत’ शब्दाला सरकारी जाहिरातीचा वास आहे आणि ‘फुकट’ला तर उघड अप्रतिष्ठेचा, ‘फुकटचे’ घेणारा मनुष्य आपल्याकडे कधी शहाणा गणला गेलेला नाही. शिवाय योजनेत घर म्हणजे स्वतंत्र छप्पर असलेले घर असे बहुधा गृहीत आहे. अशा घरास एका किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला 78,000 रुपये साहाय्य आहे. गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक सोयींसाठी मात्र ते किलोवॅटमागे 18,000 रुपये आहे. कोल्हापूरच्या बंगलेवाल्यास पहिला आकडा लागू. मुलुंडच्या सदनिकाधारकाच्या वाट्याला बहुधा दुसरा.

येथे गणित करून पाहणे बरे. सात मजल्यांची, अठ्ठावीस बिऱ्हाडांची एक मध्यम इमारत घेऊ. टाक्या, लिफ्टची खोली आणि शेजारच्या मनोऱ्याची सावली वजा जाता गच्चीवर हजार चौरस फूट मोकळे मिळाले तर तेथे सुमारे दहा किलोवॅटची पॅनेल बसतात. सिंग-बॅनर्जी यांच्या अभ्यासातील 14.8 टक्के हा सरासरी गुणक धरला तर वर्षाला 13,000 युनिटांच्या आसपास वीज होईल. प्रत्येक बिऱ्हाडाच्या वाट्याला महिन्याला 39 युनिटही पुरते येत नाहीत. एवढ्याने कोणाचे लाइटबिल शून्य होणार? मात्र जिन्यातले दिवे, पंप आणि लिफ्ट यांच्या सामाईक मीटरवर हीच वीज चांगली उपयोगी पडते. तेव्हा उपनगरात लाभ होणार तो कुटुंबाच्या बिलात नव्हे, संस्थेच्या मेन्टेनन्समध्ये. आणि मेन्टेनन्स हा शब्द बोलण्यात येतो तो ‘वाढला’ या एकाच क्रियापदासह. तो कमी झाल्याचे कोणास आठवते? संस्थेचा खर्च वाचला तर ती रक्कम दुरुस्ती निधीत जाते, आणि सभासद पूर्वीइतकाच आकडा भरत राहतो.

म्हणजे निर्णय घेणारे ‘कुटुंब’ हे येथे एकटे नाहीच. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली घरमालकाच्या छपरावर भाडेकरूने पैसा घालण्याचा प्रश्न नव्हता. 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमानंतर आणि 1963 च्या मालकी सदनिकांच्या कायद्यानंतर उपनगरातला मध्यमवर्ग ‘स्वतःच्या ब्लॉक’चा धनी झाला. ब्लॉक स्वतःचा, छप्पर सर्वांचे. कित्येक संस्थांच्या नावावर इमारतीखालची जमीनही झाली नव्हती. त्यासाठी 2008 साली कायद्यात दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरणाची वाट काढावी लागली. त्यात गेल्या दोन दशकांत पुनर्विकासाची आशा शिरली. 1970 च्या दशकातली चार मजल्यांची इमारत केव्हाही पाडली जाईल आणि अधिक चौरस फुटांची जागा मिळेल अशी जेथे रोज चर्चा आहे, तेथे पंचवीस वर्षांच्या आयुष्याची पॅनेल नाकारणारा सभासद अविचारी म्हणता येणार नाही. त्याच्या हिशेबात चूक शोधावयाची असेल तर ती एवढीच की, ‘पुढल्या वर्षी पाडणार’ हे वाक्य अनेक इमारतींत दहा-दहा वर्षे बोलले जाते, आणि तेवढ्या काळात पॅनेलने आपली किंमत वसूल केली असती.

अनुकरणाची गोष्टही निराळी आहे. ब्रायन बोलिंजर आणि केनेथ गिलिंगहॅम यांनी 2012 साली कॅलिफोर्नियाविषयी दाखवले की, एका परिसरात जितकी पॅनेल आधी बसलेली असतात तितकी पुढच्याने बसवण्याची शक्यता वाढते. तेथे उतरते छप्पर रस्त्यावरून दिसते. आमच्या सात मजल्यांवरचे पॅनेल घारींना आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला दिसते. ‘चार लोक काय म्हणतील’ या आपल्या थोर सामाजिक शक्तीचा येथे काही उपयोग होत नाही. जे दिसते ते जुने : काही वर्षांपूर्वी बसवलेले आणि आता गंजलेले पाणी तापवण्याचे संच. बोलण्यात दोन्हींना ‘सोलर’ हा एकच शब्द आहे, त्यामुळे त्या गंजाची अपकीर्ती या निळ्या काचेलाही चिकटते. पॅनेल उष्णतेवर नव्हे तर प्रकाशावर चालते, किंबहुना फार तापले तर त्याची वीज थोडी घटते, हे सांगूनही ऐकणाऱ्याच्या मनातून बंब जात नाही.

आणि मुंबईत लाइट फारशी जात नाही. राज्याच्या इतर भागांत या शतकाच्या पहिल्या दशकात भारनियमनाने घरोघर इन्व्हर्टर नेले. पैशाच्या हिशेबात इन्व्हर्टर काही वाचवत नाही, पण अंधार ही हानी डोळ्यांपुढे होती. मुंबईला ती शिकवण मिळाली नाही. मिळाली ती एका दिवसापुरती, 12 ऑक्टोबर 2020 रोजी, जेव्हा शहर आणि उपनगरे एकदम थांबली. त्या दिवशी जाळ्याशी जोडलेली साधी पॅनेलही, वर ऊन असताना, बंद पडली. तारांवर काम करणाऱ्याच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून ती तशीच घडवलेली असतात. ‘आपली वीज’ आपल्याला ऐन वेळी मिळाली नाही, हे ज्याने पाहिले त्याला कोष्टके दाखवून काय सांगणार?

राहता राहिली गच्ची. ‘गच’ हा फारसी शब्द चुन्याच्या गिलाव्याचा. गच्ची म्हणजे मुळात पाणी झिरपू नये अशी चुन्याने घोटलेली जागा. गळतीची भीती या शब्दाच्या जन्मातच आहे, आणि उपनगरातल्या सर्वांत वरच्या मजल्यावरच्या माणसाला ती शब्दकोशात पाहावी लागत नाही. पॅनेलच्या लोखंडी पायांसाठी भोके पाडली गेली तर लाभ अठ्ठावीस घरांत वाटला जाईल, पाणी मात्र त्याच्याच छतातून येईल.

आमच्या इमारतीत हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आला तेव्हा सहाव्या क्रमांकावर होता. पाचव्या क्रमांकावर कॅमेऱ्यांचा विषय होता. फाटकावर आणि जिन्यात कॅमेरे बसवण्याचा खर्च दहा मिनिटांत मंजूर झाला, कारण चोरी ही हानी आहे आणि ती कोणालाही कल्पिता येते. पॅनेलवर पाऊण तास बोलणे झाले. एकाने पुनर्विकास काढला, दुसऱ्याने शेजारच्या संस्थेने बसवले आहे का असे विचारले, तिसऱ्याने कंपनी पाच वर्षांनी असेल का अशी शंका काढली. सातव्या मजल्यावरच्या एक वृद्ध बाई शेवटपर्यंत बोलल्या नव्हत्या. त्यांच्या शयनगृहाचे छत तीन वेळा दुरुस्त झाले आहे आणि तीनही वेळा पुढच्या श्रावणात पुन्हा ओले झाले, हे सर्वांना ठाऊक होते. त्यांनी एवढेच विचारले की, भोके पाडण्याआधी वॉटरप्रूफिंग होणार का, आणि त्यानंतर गळले तर हमी कोण देणार : पॅनेलवाला, वॉटरप्रूफिंगवाला की सोसायटी?

सेक्रेटरींनी विक्रेत्याचे दरपत्रक उलटेसुलटे पाहिले. चेअरमननी विषय पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवण्याची सूचना मांडली. तिला अनुमोदन प्रस्तुत लेखकाने दिले, पुनर्विकासाच्या किंवा दराच्या कारणाने नव्हे, तर बाईंच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशीही नव्हते म्हणून. इतिवृत्तात मात्र ‘सभासदांमध्ये या विषयाबाबत पुरेशी जागरूकता नसल्याने’ असे कारण नोंदले गेले आहे, आणि ते दुरुस्त करून घेण्याचा अर्ज मी अद्याप दिलेला नाही.